हिरवं हलत नाही

हिरवी पट्टी नखाएवढीसुद्धा नव्हती. पडद्याच्या अगदी उजव्या टोकाला, पांढऱ्या मोकळ्या जागेत ती एकटीच उभी होती, आणि डावीकडे सगळं निळं एकाला एक चिकटून शहाण्यासारखं बसलेलं — तिसऱ्यांदा. सकाळी सव्वाआठपासून तिसऱ्यांदा वर्षाराणीने डिस्कवरच्या फायली आवरायचं ते बटण दाबलं होतं, तिसऱ्यांदा ते कॉम्प्युटरचं जुनं धूड खुरखुर करत तासभर चाललं होतं, लाल तुकडे वेचून वेचून त्याने निळ्यात लावले होते, आणि ही बया जागची हलली नव्हती. खाली बारीक अक्षरांत रंगांचा अर्थ लिहिलेलाच होता — लाल म्हणजे तुकडे होऊन विखुरलेल्या फायली, निळं म्हणजे सलग लागलेल्या, पांढरं म्हणजे मोकळं, आणि हिरवं म्हणजे न हलवता येणाऱ्या. न हलवता येणाऱ्या म्हणे! कोणी ठरवलं? तिला विचारलं होतं का? — हे शेवटचं आपण पट्टीबद्दल म्हणत नाही आहोत, हे तिला म्हणता म्हणताच कळलं आणि ती आणखीच चिडली.

काम म्हणावं तर साधं होतं. बोईसरच्या ह्या रंग-रसायनांच्या कारखान्यातली प्रयोगशाळा दोन महिन्यांत उचलून गुजरातेत पानोलीला न्यायची होती. अंकलेश्वरच्या अलीकडे कंपनीने तिथे नवा कारखाना बांधला होता. नमुन्यात काय आणि किती आहे ते मोजणारं सतरा वर्षांचं यंत्र जाणार, म्हणजे त्याला जोडलेला सतरा वर्षांचा कॉम्प्युटरही जाणार, कारण त्या यंत्राची भाषा ह्या कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कोणाला समजत नाही. पण त्याची डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. स्टोअरने नवी डिस्क मागवली — मागवली ती कशी, तर जुनी एकशे साठ जीबीची असताना एकशे वीसची, कारण वापरणाऱ्याला विचारायची इथे पद्धतच नाही. आता जुन्या डिस्कचा मागचा भाग पूर्ण रिकामा झाल्याशिवाय तिच्यातलं सगळं नवीत उतरणार नव्हतं. आणि मागच्या भागात ही उभी. ढिम्म.

“मॅडम, चहा,” मेघाली म्हणाली. मेघाली तिच्या हाताखालची केमिस्ट, दोन वर्षांपूर्वी लागलेली, पानोलीला जाणार म्हणून आठवडाभर हवेत असलेली. तिनेच सकाळी गेटवरून येऊन सांगितलं होतं, मॅडम, यादी लागली. आणि सांगताना तिने नजर चुकवली होती.

यादी टाइम ऑफिसच्या बाहेरच्या फळ्यावर लागली होती. सतरा नावं. नाव, विभाग, आणि तिसऱ्या रकान्यात पानोलीबद्दल ‘विलिंग’ किंवा ‘नॉट विलिंग’. वर्षाराणीच्या नावापुढे ‘नॉट विलिंग’ होतं. तिने ते दोनदा वाचलं, मग आपलंच नाव आहे ना म्हणून पुन्हा नाव वाचलं. खाली टीप होती की बदल असल्यास आज दुपारी चारपर्यंत, नंतर यादी हेड ऑफिसला जाईल. आणि नॉट विलिंगवाल्यांचं काय होणार ते टीप न लिहिताही सगळ्यांना ठाऊक होतं, दिवाळीनंतर शाल, श्रीफळ आणि निरोप. एकवीस वर्षांच्या नोकरीचा असा निकाल, तोही फळ्यावर, जिथे कालपर्यंत हरवलेल्या डब्याची सूचना लागली होती. आणि पानोलीला प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. कारखान्याचे मोठे साहेब जूनमध्ये तिच्यासमोर उभं राहून म्हणाले होते, तुमच्याशिवाय कोण करणार ते. मग जून ते आत्तापर्यंत मध्ये कुठे काय झालं? मी कधी म्हटलं नॉट विलिंग? कोणाच्या कानात म्हटलं? झोपेत म्हटलं का?

तिने चौथ्यांदा बटणावर बाण नेला, आणि दाबलं नाही. तेच तेच करून वेगळं काही होईल, अशी आशा धरणाऱ्याला मूर्ख म्हणतात. आणि तिला सगळं म्हणा, पण मूर्ख…

दर्पणने केलं असणार, दुसरं कोण. दर्पण पर्सोनेलचा मॅनेजर, आणि भाग्येशचा — तिच्या नवऱ्याचा — दातिवऱ्याचा शाळासोबती. ऑफिसात ‘मॅडम’, गावात ‘वहिनी’. मे महिन्यात दातिवऱ्यालाच एका लग्नात हे दोघे पंगतीला शेजारी शेजारी बसले होते. ती बायकांच्या पंगतीत वाढत होती, आणि पलीकडे त्या दोघांचं काहीतरी हसत हसत चाललेलं तिला दिसलं होतं. दिसलं होतं! माणसाचं भविष्य वडे-मटणाच्या ताटावर ठरतंय आणि ज्याचं ठरतंय ते माणूस दहा हातांवर हातात भाताचं पातेलं घेऊन उभं.

साडेअकराला तिने भाग्येशला फोन लावला. तो कोळगावला जिल्हा कार्यालयात वरिष्ठ लिपिक, ह्या वेळी टेबलावर सहसा असतो.

“तू दर्पणला काय सांगितलंस?”

“कशाबद्दल? कधी?”

“मे महिन्यात. लग्नात. माझ्याबद्दल.”

“अगं, हां… तो म्हणाला, वहिनी जातील का तिकडे. मी म्हटलं, छे, ती कुठे जातेय. जेवताना विषय निघाला एवढंच. का, काय झालं?”

“मला विचारावंसं वाटलं नाही तुला?”

पलीकडे कोणीतरी कसला तरी दाखला मागत होतं. भाग्येश त्याला ‘दोन मिनिटं हां’ म्हणाला, आणि मग फोनवर, अगदी सरळ, टोमणा नाही की काही नाही — “जाणार होतीस का तू?”

“हा प्रश्नच नाही!”

“मग प्रश्न काय आहे?”

तिने फोन ठेवला. मेघाली तिकडे तोंड करून बाटल्या पुसत होती, स्वच्छ बाटल्या, ज्या तिने सकाळीच पुसल्या होत्या.

डोंबलाचा प्रश्न! म्हणे प्रश्न काय आहे. प्रश्न हा आहे की वीस वर्षांत एकाही माणसाने… इथल्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी. तिला शुक्रवार, भाग्येशला रविवार, आणि आता शनिवारही. वीस वर्षं नवरा-बायको सणावारीच घरात एकत्र दिसतात. बेटेगावच्या शेजारणी पहिल्या वर्षी म्हणायच्या, भांडण झालंय का गं? आणि शुक्रवार तरी तिचा कुठे? शुक्रवारी सकाळी डबे भरून दातिवऱ्याला सासूबाईंकडे जायचं, कारण त्या वाडी सोडून बेटेगावच्या फ्लॅटमध्ये यायच्या नाहीत — नारळ कोण बघील, पाणी कोण लावील — औषधं मोजून ठेवायची, माळा झाडायचा, संध्याकाळी परत. हे कोणी ठरवलं नव्हतं. एका शुक्रवारी ती सहज गेली, दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी वाट पाहिली, आणि तिसऱ्या शुक्रवारपासून ते असं झालं जसं काही ती जन्मालाच शुक्रवारची आली होती. मागच्या शुक्रवारीच आनंदीबाई, म्हणजे सासूबाई, पाय चेपून घेता घेता म्हणाल्या होत्या, “चारू पुन्याला गेली, भाग्याला हापिस. तू हायस म्हून आमी निर्धास्त हाव. तू काय कुटं जानार नाय.” आवाजात माया होती, खरीच होती, नाही असं नाही. फक्त प्रश्नचिन्ह नव्हतं.

आणि चारुता! लेक बारावी झाल्याबरोबर म्हणाली, मला पुण्याला शिकायचंय, आणि घरात एका माणसाने विचारलं नाही की मग दातिवऱ्याच्या आजीचं काय, बाबांच्या डब्याचं काय. बॅग भरली, गेली. बरं झालं गेली. आपणच तिच्या बॅगेत लाडू कोंबले. पण एखाद्याला जाणं असं जमतं, दार उघडून बाहेर पडावं इतकं, आणि एखाद्याच्या नावापुढे कोणीतरी परस्पर…

आईचंही हेच. वडील रामकिसन परभणीहून इकडे पॉवर प्लांटला कामाला आले तेव्हा आईला, रत्नाबाईला, पत्र आलं ते थेट ‘अमुक तारखेला निघ’ असं. आई पुढे चाळीस वर्षं तेच सांगत राहिली, “मला कुणी इचारलंच न्हाई.” पाणी भरताना, भाकरी थापताना, पाहुण्यांसमोर, दवाखान्यात. लहानपणी वर्षाराणीला त्या वाक्याचा इतका वीट यायचा की कानांत बोटं घालावीशी वाटायची. अगं मग तू सांगायचं होतंस ना, एकदा तरी, स्वतःहून! आणि आता बघ, दोन तासांत आपण ते किती वेळा म्हटलं? मनात म्हटलं म्हणून काय झालं.

ह्या विचारासरशी ती खुर्चीत ताठ बसली आणि कामाला लागली, कारण असल्या विचारांवर तिच्याकडे काम हाच एक उपाय होता. पट्टीकडे बघत बसण्याऐवजी तिने अहवाल उघडला. आधीच का नाही उघडला? तीन तास नुसतं रंगाशी भांडण. अहवालात आकड्यांच्या जंजाळात खाली एक वेगळा परिच्छेद होता, पेजफाइल म्हणून, दीड जीबी. तिने ते वाचलं, मान वाकडी करून पुन्हा वाचलं, आणि हसली — सकाळपासून पहिल्यांदा, आणि तेही फारसं चांगलं हसू नव्हतं.

म्हणजे ही पट्टी म्हणजे कुठला मोठा खजिना नव्हताच. तिच्यात सतरा वर्षांचे नमुने नव्हते, यंत्राचं गुपित नव्हतं, काही नव्हतं. मेमरी कमी पडलीच कधी तर असू दे, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःसाठी अडवून ठेवलेली जागा होती ती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून ठेवतात तशी. आणि कॉम्प्युटर चालू आहे तोपर्यंत रुमाल उचलायचा नाही, एवढाच तिचा न हलण्याचा अर्थ. त्याला सांगायचं की बाबा, थोडा वेळ तुला ही जागा नको, मग बंद करून पुन्हा चालू करायचं, पट्टी गेलेली. सगळं नीट लागलं की पुन्हा द्यायची जागा, पुढच्या बाजूला. अर्ध्या तासाचं काम. कपाळ माझं!

पण बंद करायचं म्हणजे…

कॉम्प्युटरच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलेला होता, ‘बंद करू नये’. सहा वर्षांपूर्वी एकदा वीज गेली आणि हा दोन दिवस चालूच झाला नाही. नमुना तपासल्याशिवाय माल सोडता येत नाही, म्हणून चार टँकर गेटवर अडकून राहिले. तेव्हापासून हा अखंड चालू. दसऱ्याला सगळ्या कारखान्यात यंत्रं बंद करून पुसून पूजा होते, ह्याची पूजा मात्र चालू स्थितीतच — हळद, कुंकू, झेंडूचा हार, आणि पंख्यात पाकळी जाऊ नये म्हणून एक माणूस हार धरून उभा. सहा वर्षांत त्या कागदावर दर वर्षीचं एक बोट कुंकू असं थरावर थर चढलं होतं, आणि आता त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. खुद्द मोठे साहेब त्याच्या बाजूने जाताना आवाज खाली आणायचे. सतरा वर्षांपूर्वी तो खोक्यातून काढून वर्षाराणीनेच जोडला होता, तेव्हा तो दिवसातून चार वेळा बंद-चालू व्हायचा आणि त्याला काही होत नसे.

“मॅडम,” मेघाली म्हणाली, “नाही सुरू झाला तर?”

“तर सांग, नॉट विलिंग मॅडमने जाता जाता बंद पाडला.”

मेघाली हसली नाही. वर्षाराणीला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली.

तिने सेटिंग बदललं. ‘पुन्हा सुरू करा’वर बाण ठेवला. बोट जड झालं — एवढं जड, की तिने दुसऱ्या हाताने पदर खोचला, उगीचच, वेळ काढायला. मग दाबलं. पडदा काळा झाला. पंख्याची घरघर खाली खाली गेली आणि थांबली, आणि सहा वर्षांत ती खोली इतकी गप्प कधी झाली नव्हती. बाहेरचा बॉयलर, रस्त्यावरून हिंदीत भांडत जाणारे दोन ड्रायव्हर, सगळं एकदम आत आलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. लुकलुकत राहिली. आता ह्याने मान टाकली तर काय सांगणार आहेस, बाई? तुला हौस होती? तुझ्या नावाचा राग तू ह्या गरिबावर काढलास? …मग खर्र झालं, पंखा खोकला, आणि तो म्हातारा उठून बसला. मेघालीने टाळ्याच वाजवल्या.

चौथ्या वेळचा तास भरला तेव्हा पावणेदोन झाले होते. उजवीकडचं टोक पांढरं स्वच्छ. तिने पेजफाइलला पुढच्या भागात जागा दिली, पुन्हा एकदा बंद-चालू केलं (आता भीती वाटली नाही), जुन्याचं नव्या डिस्कमध्ये उतरायला लावलं, मेघालीला समोर बसवलं, आणि तोंडावर पाणी मारून ती पर्सोनेलकडे निघाली. डबा राहिलाच. राहू दे.

चालता चालता तिने सगळं जुळवलं. पहिल्यांदा विचारायचं, हे तुम्ही कोणाच्या सहीने लिहिलंत. मग म्हणायचं, माझा नवरा इथे नोकरीला नाही. मग, पुरुष माणसाच्या नावापुढे लिहिण्याआधी तुम्ही त्याच्या बायकोला विचारलं होतं का, सतरापैकी किती बायकांना फोन केलेत ते दाखवा. मग मोठे साहेब. मग वेळ पडली तर लेखी. शब्द कसे नेमके सुचत होते! राग आला की तिचं मराठी सुधारतं, असं भाग्येश म्हणतो. म्हणू दे.

दर्पण एकटाच होता. तिला बघून उठून उभा राहिला.

“माझ्या नावापुढे नॉट विलिंग कोणी लिहिलं?”

“मीच. भाग्येश म्हणाला होता की…”

“भाग्येश इथे नोकरीला नाही.”

“नाही,” दर्पण म्हणाला. त्याचा चेहरा पडला. “बरोबर आहे तुमचं, मॅडम. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं.” आणि खाली बसून त्याने यादी उघडली, दोनदा टकटक केलं, आणि पडदा तिच्याकडे वळवला. “हे बघा, काढलं.”

तिच्या नावापुढचा रकाना रिकामा होता.

एवढंच? तिने आणलेली सगळी वाक्यं तोंडात तशीच राहिली. एवढं सोपं असतं हे? मग सकाळपासून… मग वीस वर्षं… तिला वाटलं, त्याने थोडं तरी अडवायला हवं होतं. उलटून बोलायला हवं होतं, ‘वहिनी, घरचं कोण बघणार’ असलं काहीतरी चीड आणणारं, म्हणजे तिला बोलता आलं असतं.

“बसा ना,” दर्पण म्हणाला. “मग काय लिहू? विलिंग लिहू?”

ती बसली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

हो लिहा. हे दोन शब्द. ह्यासाठीच तर आली होतीस. आणि नेमकी आत्ता, नको तेव्हा, वापीची गोष्ट आठवली. अकरा वर्षांपूर्वी वापीला सहा महिन्यांचं ट्रेनिंग निघालं होतं, जो जाईल त्याला बढती, आणि तेव्हाच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून, असंच समोर बसवून विचारलं होतं. चांगलं विचारलं होतं. ती म्हणाली होती, घरी विचारते. आणि घरी… घरी ती त्या संध्याकाळी गेली, भाजी निवडली, चारुताचा अभ्यास घेतला, भाग्येशने विचारलं, आज काय विशेष, आणि ती म्हणाली, काही नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, घरचे नाही म्हणतात. कोणी नाही म्हटलं नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं. आजतागायत नाही. आणि त्या वर्षभर तिने भाग्येशवर कशाकशावरून राग धरला होता — ओल्या टॉवेलवरून, चहाच्या कपावरून — आणि तो बिचारा विचारायचा, माझं काय चुकलं?

मला कोणी विचारलंच नाही. नाही कसं, बाई. विचारलं होतं.

तिने राग चाचपून पाहिला. सकाळपासून कसा हाताशी होता, तिसऱ्या रकान्यावर, स्टोअरवर, भाग्येशवर, ह्या समोरच्या माणसावर. आता समोरचा माणूस तर चूक कबूल करून पेन घेऊन बसला होता. भाग्येशने तर साडेअकरालाच विचारलं होतं, जाणार होतीस का तू, आणि तिने फोन ठेवला होता. सासूबाईंना नाही म्हणायची संधीसुद्धा तिने दिलेली नव्हती. एकेकाला समोर उभं केलं, आणि एकेक जण बाजूला झाला. मग पानोली डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, तर काहीच दिसेना. एक खोली, एक खिडकी, संध्याकाळी कोणाचाच डबा भरायचा नाही अशी. ती खिडकी बघून आनंद झाला की धास्ती वाटली, ते तिला सांगता येईना. दोन्ही एकाच वेळी होत होतं. मी चांगली सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे. मला काय हवं, हे मला ठाऊक नसावं?

“घाई नाही,” दर्पण म्हणाला. “चारपर्यंत वेळ आहे.” आणि मग, गावच्या आवाजात, “वहिनी, तुमाला जायचा हाय का?”

वर्षाराणीने तोंड उघडलं. ‘घरी विचारते’ हे शब्द सवयीने जिभेवर येऊन उभे राहिले होते. ते तिने दातांखाली घट्ट धरून ठेवले, आणि त्यांच्यामागून आपलं असं दुसरं काही येतंय का, ह्याची ती जीव मुठीत धरून वाट बघू लागली.